परतीची वेळ

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग, या दोहोंच्या मधल्या सपाटीवर आमचे मेहरूण वसले आहे. बोरांसाठी नावाजलेले हे गाव आता जळगाव शहरात मिसळून गेले आहे. परंतु डोंगराची ओढ काही येथील माणसाला सोडत नाही. मीही सुट्टीच्या दिवशी सहलीच्या मंडळींना डोंगरावर नेण्याचे काम पुष्कळ वर्षे केले. तरुण मंडळी ‘गाइड’ म्हणत. मला मात्र ‘वाटाड्या’ हाच शब्द आवडतो.

वाटाड्या म्हणजे वाट दाखविणारा. पण वाट तर एखादे गुराख्याचे पोरही दाखविते. मग पैसे मोजून माणूस सोबत घ्यावा तो कशासाठी? माझ्या मते, “आता पुरे, मागे फिरू,” असे योग्य वेळी सांगण्यासाठी. गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून ज्यांना पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली घोषित केले, त्या संत बर्नार्ड यांची आल्प्सच्या खिंडीतील धर्मशाळा वाटसरूंना मोल न मागता आसरा देण्याबद्दल प्रसिद्ध होती. आम्ही मोल घेतो. मोल घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते, असे लोक समजतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे.

२००२ च्या ऑगस्टमध्ये बारा जणांना घेऊन मी पाटणादेवीला गेलो होतो. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवरचे हे ठिकाण. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख याच परिसरातला. तेथून कण्हेरगडावर चढायचे होते. दुपारी एक वाजता जेथे असू तेथून परतायचे, असे मी सकाळीच सर्वांना सांगितले होते. एक वाजला तेव्हा माथा समोर दिसत होता आणि पश्चिमेला आभाळ काळे झाले होते. मंडळीत दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे वडील हळूच म्हणाले, “भाऊ, पोरगं चार दिवस नीट झोपलं नाही याच्यासाठी. एवढा माथा तेवढा दाखवा.” मुलगा काहीच बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी घड्याळ खिशात टाकले.

माथ्यावर पोहोचलो, छायाचित्रे निघाली. उतरताना पावसाने गाठले. सकाळी घोट्याएवढा असलेला पायथ्याचा ओढा आता माझ्या कमरेला लागत होता. त्या मुलाला खांद्यावर घेऊन, बाकीच्यांची साखळी करून मी तो पार केला. पाण्याखालचा एक दगड माझ्या पायाखाली हलला, तो आजही हलतो. पलीकडे सर्वांनी टाळ्या वाजविल्या. वडिलांनी शंभराची नोट माझ्या हातात कोंबली आणि मी ती घेतली.

कोणाला खरचटलेही नाही. मग चूक झाली असे म्हणायचे तरी कसे? पापनिवेदनाच्या वेळी मी हे सांगू लागलो की शब्द अडखळत. कारण दाखवायला इजाच नव्हती.

पुढे न्यूझीलंडचे वाटाडे रॉब हॉल यांची हकिकत माझ्या वाचनात आली. एव्हरेस्टवर १९९५ साली त्यांनी टपालखात्यातील डग हॅन्सन या गिर्यारोहकास शिखर अगदी जवळ आले असताना मागे फिरविले होते. १० मे १९९६ रोजी तेच हॅन्सन पुन्हा त्यांच्याबरोबर होते. परतीची वेळ दुपारी दोनची ठरली होती. हॅन्सन शिखरावर पोहोचले ते चारच्या सुमारास, आणि हॉल त्यांच्यासाठी थांबले होते. वादळ आले. दोघेही परतले नाहीत. त्या वादळात एव्हरेस्टवर एकूण आठ जणांचा अंत झाला.

हॉल पैशासाठी थांबले असे मला वाटत नाही. गेल्या वर्षी मागे फिरविलेल्या माणसाबद्दलची कणव त्यांना अडवून गेली असावी. मलाही नोटेने विकत घेतले नव्हते; नोट नंतर आली. मला त्या मुलाच्या डोळ्यांनी विकत घेतले. दया हा सद्गुण खराच, परंतु सकाळी थंड डोक्याने ठरविलेली वेळ दुपारी दयेच्या स्वाधीन करणे, ही दया राहते काय? त्यांच्यावर वादळ आले आणि माझ्यावर नुसता पाऊस. तेवढ्याने माझी करणी त्यांच्याहून निराळी ठरत नाही. ती मंडळी स्वखुशीने आली होती, हा बचावही टिकत नाही. त्यांनी माथ्याला होकार दिला होता. ओढ्याचे पाणी किती चढेल हे त्यांना ठाऊक नव्हते, मला होते. आणि दहा वर्षांच्या मुलाचा होकार तर त्याच्या वडिलांनीच देऊन टाकला होता.

ती नोट मी खर्च केली नाही, दानपेटीतही टाकली नाही. दानपेटीत टाकली असती तर हिशेब मिटल्यासारखे वाटले असते. २०१६ साली सरकारने पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा रद्द केल्या, तेव्हा शंभराची ही नोट मात्र चालूच राहिली, याचे मला उगाच हसू आले.

गेल्या महिन्यात तलावाच्या काठी तो मुलगा भेटला. आता चांगला बाप्या झाला आहे. सोबत त्याची लहान मुलगी होती. म्हणाला, “काका, तो ओढा मी कधी विसरणार नाही. काय मजा आली होती! हिलाही पावसाळ्यात न्याल ना?”

“नेईन,” मी म्हणालो, “पण एक वाजता जेथे असू तेथून मागे.”

“अहो काका, थोडं इकडे तिकडे चालतं,” तो हसत म्हणाला. मुलगी माझ्याकडे पाहत होती.