ऋण कोणाचे?

पहाडगंजात आमच्या वाण्याच्या वहीत जो उधार नेतो, त्याचेच नाव पडते. राष्ट्राच्या कर्जाचे तसे नसते; सही मंत्र्याची, फेड प्रजेची. मॉरिशस बेटाचेच पाहावे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटावर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तेथे आजही नांदत आहेत. १९७४-७५ च्या सुमारास साखरेचा भाव चढला, तसा खर्चही चढला. पुढे भाव उतरला, तो खर्च मात्र उतरेना. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले. १९७९ व १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. तांदूळ व पिठावरील अर्थसाहाय्याला कात्री लागली. भाव ठरला दूरच्या बाजारात, घास उणा झाला मजुराच्या ताटात.

हे ऋण त्याने फेडावे काय? आपल्या धर्मशास्त्राने पित्याचे ऋण पुत्रावर घातले; परंतु द्यूत व मद्य यांपायी केलेले वगळले. हा विवेक मला मोलाचा वाटतो. त्या बेटावर १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले. अशा कामाचा भार पुढच्या पिढीने आनंदाने उचलावा. परंतु कर्ज कशासाठी काढले, हे विचारण्याचा अधिकारच फेडणाऱ्याला नसेल, तर ते ऋण नव्हे. ते नवे गिरमिटच होय.