सहाध्याय्याचा पाव हिस्सा

एखादे कोडे आपल्याला सुटले, असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. उत्तर बरोबर आले की कोडे सुटले, असे परीक्षक म्हणेल. पण परीक्षकाला केवळ उत्तराशी कर्तव्य असते. ते कोणाच्या डोक्यातून कोणाच्या डोक्यात कसे गेले, याची चौकशी तो करीत नाही. ती चौकशी नीतिविचाराच्या कक्षेत येते.

कृष्णपुऱ्यात कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या ज्या छत्र्या आहेत, त्यांच्या पायऱ्यांवर सायंकाळी मुले बसलेली दिसतात. १८९१ साली ज्या शिवाजीराव महाराजांनी होळकर महाविद्यालय स्थापन केले, त्यांची छत्रीही येथेच आहे. तेव्हा तेथे रसायनशास्त्राची चर्चा रंगावी हे स्थळाला शोभूनच दिसते. अशीच एक चर्चा आमच्या कानी पडली. कोडे मोबाईलच्या पडद्यावर आलेले होते. एका पदार्थाच्या रेणूत आठ कार्बन, आठ हायड्रोजन व एक ऑक्सिजन. त्यात बेंझिनचे वलय आहे. टॉलेन्सच्या द्रावणाबरोबर चांदीचा आरसा तयार होत नाही. आयोडीन व दाहक सोड्याबरोबर मात्र पिवळा साका मिळतो. पदार्थ ओळखा.

एकाने तत्काळ फिनाइल ॲसिटाल्डिहाइडचे नाव घेतले. अणूंचा हिशेब चोख जुळत होता. दुसऱ्याने त्याला चूक म्हटले नाही. त्याने इतकेच विचारले की, मग आरसा का तयार होत नाही? पहिला गप्प झाला. अल्डिहाइड असते तर आरसा मिळायलाच हवा होता. म्हणजे हे कीटोन. तिसरीने पिवळ्या साक्याकडे बोट दाखविले: तो मिळायचा तर कार्बोनिल गटाच्या शेजारी मिथिल गट हवा. आता एका बाजूला मिथिल, दुसऱ्या बाजूला वलय, आणि मध्ये कार्बोनिल, याखेरीज मांडणी उरलीच नाही. ॲसिटोफिनोन हे नाव शेवटी पहिल्यानेच उच्चारले, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता.

हा आनंद त्याचा हक्काचा होता काय? आमच्या मते होता. कारण त्याला जे मिळाले ते उत्तर नव्हते, तर प्रश्न होता. साहाय्य दोन प्रकारचे असते. एक प्रश्न आपल्या हातातून काढून घेते, दुसरे तो अधिक धारदार करून परत देते. पहिल्या प्रकारचे साहाय्य आज यंत्रेही देतात. क्षणार्धात संपूर्ण उकल पडद्यावर उतरते. ती वाचणारा ज्ञानी होतो की नुसता साक्षीदार, हे त्याने पुढचे कोडे हाती घेतल्यावर कळते.

आमची हयात सरकारी नस्त्यांत गेली. तेथे टिपणी लिपिकाने लिहावी, अधीक्षकाने ती सुधारावी, उपसचिवाने एक शब्द बदलावा आणि निर्णय मात्र सचिवांच्या नावे निघावा, ही रीत. त्यात कोणाला अन्याय वाटत नसे, कारण प्रत्येकाची सही त्या कागदावर असे. विद्येच्या प्रांतात अशा सह्या घेतल्या जात नाहीत, आणि तेथेच तंटे उपजतात.

प्राणवायूची गोष्ट पाहा. १७७४ च्या ऑगस्टमध्ये जोसेफ प्रीस्टलीने भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे लाल भस्म तापविले व त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळताना पाहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसमधील भोजनप्रसंगी त्याने हे लाव्हाझियेला मोकळेपणाने सांगितले. लाव्हाझियेने प्रयोग पुन्हा केले, त्यांचा अर्थ लावला, आणि ज्वलनाची नवी उपपत्ती उभी केली. प्रीस्टलीच्या ऋणाची नोंद मात्र जितकी स्पष्ट हवी होती तितकी केली नाही. प्रीस्टलीला याचे वाईट वाटले. पण गंमत अशी की, आपण काय शोधले हे प्रीस्टलीला अखेरपर्यंत पटले नाही. तो १८०४ साली वारला तो जुन्या फ्लॉजिस्टनवादावर निष्ठा ठेवूनच. मग प्राणवायूचे ज्ञान कोणाचे? ज्याने वायू पाहिला त्याचे की ज्याला तो समजला त्याचे? समजण्याचा मान लाव्हाझियेचा, याविषयी आम्हांला शंका नाही. पण समज आपली असली म्हणजे ऋण फिटते, हे म्हणणे आम्हांला मान्य नाही. साहाय्य घेण्यात कमीपणा नाही, ते लपविण्यात आहे.

आपल्याकडच्या एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात विद्येचे चार समान वाटे केले आहेत. पाव हिस्सा गुरूकडून, पाव आपल्या बुद्धीने, पाव सहाध्याय्यांकडून आणि उरलेला काळाच्या ओघात. रचणाऱ्याने सहाध्याय्याला गुरूइतकाच वाटा दिला, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. गुरुपौर्णिमा आपण साजरी करतो. शेजारच्या बाकावरच्या मुलासाठी तिथी नाही.

पण त्या सुभाषितकाराला प्रवेशपरीक्षा ठाऊक नव्हती, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अभियांत्रिकीच्या जेईई मुख्य परीक्षेला २०२४ साली चौदा लाखांच्या आसपास मुले बसली. आयआयटींतील जागा सतरा हजारांहून थोड्या अधिक. आमच्या इंदूरच्या भंवरकुवा भागात शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलाला हे आकडे पाठ असतात. त्याने खोलीतल्या मित्राला कोडे समजावून दिले तर तो मित्र कदाचित एका क्रमांकाने त्याच्या पुढे जाईल. अशा वेळी साहाय्य हा सद्गुण की भाबडेपणा?

या प्रश्नापाशी आम्हांला कमला भागवत आठवतात, पुढच्या कमला सोहोनी. दुर्गाबाईंच्या या भगिनीचा जन्म आमच्याच इंदूरचा. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊनही १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत चंद्रशेखर रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, आणि त्यांच्या निग्रहापुढे नमून दिला तो एक वर्षाच्या परीक्षाधीन अटीवर. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा तेथील डेरेक रिश्टर यांनी आपले टेबल दिवसा त्यांना देऊ केले व स्वतः रात्री काम करण्याचे पत्करले. ते अन्यत्र गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली बटाट्यावर काम करू लागल्या, आणि वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी त्यांच्या हाती लागले. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

रिश्टरांनी त्यांना एकही उत्तर सांगितले नव्हते. दिले ते लाकडाचे टेबल आणि दिवसाचा उजेड. त्याची किंमत त्यांनी आपल्या झोपेने मोजली. बंगलोरला नियम होता, अधिकार होता, आणि दार बंद होते. केंब्रिजला जागाच नव्हती, तरी एका सहकाऱ्याने ती निर्माण केली. स्पर्धेचा हिशेब मांडणाऱ्याला रिश्टरांचे वागणे भाबडे वाटेल. पण त्या हिशेबात एक गोष्ट येत नाही. दुसऱ्याला समजावताना आपलीच उकल कोठे पोकळ आहे ते कळते. आरसा का तयार होत नाही, असे विचारणाऱ्या त्या मुलालाही ते विचारताना स्वतःचे उत्तर तपासावे लागलेच असेल. अर्थात केवळ या लाभासाठी साहाय्य करावे, असे आम्ही म्हणणार नाही; लाभ नसता तरी ते करणे योग्यच ठरले असते.

एक अडचण मात्र उरते. प्रत्येक गटात एखादी अशी मुलगी असते जिला सगळे विचारतात आणि जी कोणाला विचारीत नाही. तिचा पाव हिस्सा कोणी द्यावयाचा? सुभाषितकाराने याचे उत्तर दिलेले नाही, आणि पायऱ्यांवरच्या त्या मंडळींत तिसरी बोलली तेव्हा तिला, तुझे कोणते कोडे अडले आहे, असे विचारणारा कोणी नव्हता.