नाव काय, गाव काय

इंग्रजी बोलायला शिकवण्याची जी पद्धत आज खेड्यापाड्यांत रुळली आहे, तिचा पहिला धडा सगळीकडे एकच असतो. तुझे नाव काय, तू कुठे राहतोस, तुझे वडील काय करतात, सकाळी काय खाल्लेस. प्रश्न इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत, आणि या देवाणघेवाणीतून रोजच्या वापरातले शब्द तोंडात बसावेत ही अपेक्षा. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत, मराठी घरातले मूल हा धडा गिरवते तेव्हा त्याच्या जिभेवर आधीच दोन-तीन भाषा असतात. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. इंग्रजी तिसरी किंवा चौथी. मुलांच्या बुद्धीविषयी मला शंका नाही. मला प्रश्न पडतो तो त्या धड्यातल्या उत्तरांविषयी, आणि मी तो धर्माचा प्रश्न मानतो: सरावासाठी दिलेले उत्तर खरे असायला हवे की नको?

वरवर पाहता हा प्रश्न फाजील वाटेल. पण त्या धड्यातले 'तुझे वडील काय करतात' हे वाक्य घ्या. छापील उत्तर असते की वडील शिक्षक आहेत, किंवा डॉक्टर, किंवा फार तर शेतकरी. वर्गातली चाळीस मुले तेच उत्तर सुरात म्हणतात. त्यांतल्या कुणाचे वडील ऊसतोडीला गेलेले असतील, कुणाचे हैदराबादेत बांधकामावर असतील, कुणाचे नसतीलच. तरीही उत्तर एकच, आणि तेच बरोबर. ज्याने खरे सांगायचा प्रयत्न केला त्याचे वाक्य अडखळणार, व्याकरण चुकणार, आणि गुण जाणार. मूल यातून जे शिकते ते व्याकरणापेक्षा खोल असते. इंग्रजी ही स्वतःविषयी खरे न बोलण्याची भाषा आहे, हे त्याला न शिकवताच कळते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत 'स्वतःविषयी सांगा' असे कुणी म्हणाले की त्याची वाचा बसते. आपण त्याला शब्दसंग्रहाची कमतरता म्हणतो. माझ्या मते ती त्या पहिल्या धड्याची फळे आहेत.

शब्दाचा अर्थ माणसाला कळतो कसा, याचा विचार आपल्याकडे मीमांसकांनी बारकाईने केला आहे. त्यांचे नेहमीचे उदाहरण असे. एक वडीलधारा दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण.' दुसरा जाऊन गाय आणतो. शेजारी बसलेले मूल हे पाहते. मग 'गाय बांध' होते, 'घोडा आण' होते. एक शब्द बदलतो, एक तोच राहतो, त्याबरोबर कृती बदलते, आणि मूल मनाशी ताडून पाहत एकेक शब्दाचा अर्थ वेगळा काढते. याला ते वृद्धव्यवहार म्हणतात. कुमारिल आणि प्रभाकर यांच्या अनुयायांत मोठा वाद आहे तो पुढचा. शब्द आपापले अर्थ आधी सांगतात आणि मग ते जुळतात, की परस्परांशी जोडलेला अर्थच शब्द सांगतात? पण मूल व्यवहारातून शिकते याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नाही. कोश आणि व्याकरण ही साधने नंतरची, कारण ती वापरायलाही आधी काही शब्द यावे लागतात. प्रश्नोत्तराने इंग्रजी शिकवणारा आज नकळत याच वाटेने जातो, आणि वाट बरोबर आहे. फक्त एक गोष्ट सुटते. त्या उदाहरणात गाय खरोखर येते. ती आलीच नसती, किंवा 'गाय आण' म्हटल्यावर प्रत्येक वेळी दुसराच माणूस हात जोडून उभा राहिला असता, तर मुलाला त्यातून गायीचा अर्थ कळला नसता. उत्तराच्या मागे वस्तू नसेल तर व्यवहारही नसतो, उरते ती त्याची नक्कल.

या दोन जिल्ह्यांच्या मातीत प्रश्नोत्तराला केवढा मान होता, हे इथे आठवावेसे वाटते. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात, भीमा-अमरजेच्या संगमापाशी गाणगापूर आहे. ज्या ग्रंथामुळे ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले तो 'गुरुचरित्र' जवळजवळ सगळा संवाद आहे: नामधारक विचारतो, सिद्ध सांगतो. आणि हे विचारणे सुरू कुठून होते? ब्रह्म म्हणजे काय, माया म्हणजे काय, इथून नाही. थकलाभागला नामधारक वाटेत भेटलेल्या योग्याला विचारतो की आपण कोण, कुठून आलात, राहता कुठे, आणि रोजच्या जेवणाचे काय. आपल्या इंग्रजीच्या पहिल्या धड्यातले हेच तर प्रश्न. सिद्धाचे उत्तर मात्र पाठ केलेले नाही. गुरू जिथे जिथे राहिले तिथे आमचा वास, आणि गुरूचे स्मरण हाच आमचा आहार, या आशयाचे ते उत्तर आहे. साध्या प्रश्नाला माणसाने आपले सगळे जगणे उत्तरात ठेवले, आणि मग पुढचा ग्रंथ उलगडला. बसवकल्याणच्या अनुभवमंटपाची, म्हणजे शिवभक्त शरणांच्या सभेची, परंपराही अशीच. अक्कमहादेवी तिथे आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला सिद्धान्त विचारला नाही, तुझा पती कोण असे विचारले. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या 'शून्यसंपादने'त हा प्रसंग येतो. तोही घरगुती प्रश्नच आहे, आजही कुठल्याही बाईला ओट्यावर बसता बसता कुणी विचारील असा. अक्काचे उत्तर तिचे एकटीचे होते, चेन्नमल्लिकार्जुन, म्हणजे शिव. तिथे जमलेल्या शरणांची नावेच पाहा: मडिवाळ माचय्या, अंबिगर चौडय्या, ढोर कक्कय्या. धोबी, नावाडी, कातडे कमावणारा. 'तू काय करतोस' या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांनी लपवले नाही, उलट ते नावापुढे लावले.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर यांनी ग्रंथातच आपल्याला मराठी येत नसल्याची कबुली दिली आहे. ते कन्नड घरातले असल्याचे त्यावरून मानले जाते. म्हणजे मराठी भाविकांच्या पारायणाचा हा ग्रंथ परक्या भाषेत शिरलेल्या माणसाने लिहिला, आणि शिरताना त्याने संवादाचे दार निवडले. या कबुलीत नम्रतेचा साहित्यिक संकेतही असेल, कारण जुने कवी आपले उणेपण असेच सांगत. पण संकेत म्हणून सुद्धा तो काही सांगतो. दुसऱ्याच्या भाषेत पाऊल टाकताना त्याचे पहिले बोलणे स्वतःविषयी खरे होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सराव म्हणजे विधान नव्हे. नाटकातला नट 'मी राजा आहे' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, मग वर्गातल्या मुलाला सत्याच्या तराजूत का तोलता? आक्षेप वजनदार आहे. पण नटाचे बोलणे खोटे ठरत नाही ते प्रेक्षक आणि नट दोघांनाही ते नाटक असल्याचे ठाऊक असते म्हणून, आणि पडदा पडल्यावर नट आपल्या नावाने घरी जातो म्हणून. वर्गात पडदा पडत नाही. प्रश्नात 'तुझे' हा शब्द आहे, समोर खरा शिक्षक आहे, आणि खऱ्या उत्तराला कमी गुण आहेत. नाटकच करायचे तर ते उघड करावे. तू दुकानदार हो, ती गिऱ्हाईक, तुरीच्या डाळीचा भाव ठरवा. त्यात मुले रमतील आणि शब्दही टिकतील, कारण भाव ठरवताना समोरचा काय म्हणेल ते खरोखरच ठाऊक नसते. माझी तक्रार कल्पनेविषयी नाही, मुलाच्या नावावर खपवलेल्या असत्याविषयी आहे.

दुसरा आक्षेप पाठांतराच्या बाजूने येतो. वेद पाठांतराने टिकले, पाढे पाठांतराने येतात, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. हे सगळे खरे आहे. पाठांतराला हिणवण्याची आजची रीत मला मान्य नाही, कारण तोंडाला परक्या ध्वनींची सवय लागायला घोकण्यावाचून उपाय नाही. पण पाठांतर काय देते आणि काय देत नाही, याची एक विलक्षण कथा गुरुचरित्रातच आहे. बिदरच्या बादशहापुढे वेद म्हणून, जयपत्रे मिरवत, वादाचे आव्हान देत दोन ब्राह्मण गाणगापुरात येतात. तिथे राहणारे गुरू नृसिंहसरस्वती वाटेने जाणाऱ्या, अंत्यज मानल्या गेलेल्या एका माणसाला बोलावतात. जमिनीवर सात रेघा ओढतात. एकेक रेघ ओलांडताना त्याला एकेक जन्म आठवतो, सातव्या रेघेपलीकडे तो विद्वान होतो, अंगाला भस्म लागते आणि तो वेद बोलू लागतो. ब्राह्मणांची घमेंड उतरते. पण पुढे बायको-मुले न्यायला येतात तेव्हा तो त्यांना ओळख देईना. मग त्याला स्नान घातले जाते, भस्म धुतले जाते आणि विद्या निघून जाते. तो आपल्या घरी परततो.

या कथेचा शेवट मला बोचतो आणि तो बोचायलाच हवा. वेद जन्माने ठरलेल्या मुखाला बांधलेला नाही, हे कथेच्या पूर्वार्धात दिसते, आणि उत्तरार्ध त्या माणसाला पुन्हा जातीच्या जागी नेऊन ठेवतो. कल्याणच्या शरणांनी हे मान्य केले नसते. चांभार हरळय्याच्या आणि ब्राह्मण मधुवरसाच्या घरांत झालेल्या सोयरिकीची किंमत परंपरा सांगते त्याप्रमाणे त्यांनी प्राणांनी मोजली, पण कुणाला मागे पाठवले नाही. तरीही शिकण्याविषयी या कथेत एक कठोर सत्य आहे. बाहेरून लावलेली विद्या पाण्याने जाते. ती गेली हे एक दुःख. ती असेपर्यंत माणूस स्वतःच्या बायको-मुलांना ओळखेनासा झाला, हे त्याहून मोठे. छापील उत्तराचे इंग्रजी नेमके हेच करते. ते टिकते तोवर ऊसतोडीला गेलेल्या बापाला शिक्षक म्हणते.

कुणी म्हणेल, सीमाभागातल्या मुलाला इंग्रजी हवे आहे पोटासाठी, त्यात धर्म कशाला? या भागात सत्तेची भाषा शिकणे नवे नाही. बहमनी वजीर महमूद गवानने 1472 मध्ये बिदरला उभारलेल्या मदरशात अरबी-फारसीची विद्या होती. निजामाच्या राज्यात, म्हणजे 1948 पर्यंत, उर्दूशिवाय कचेरीचे दार उघडत नसे. 1 नोव्हेंबर 1956 ला बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले, उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्र प्रदेशात, उरलेला म्हैसूर राज्यात, आणि इथल्या मराठी माणसासाठी कन्नड ही कामकाजाची भाषा झाली. प्रत्येक पिढीने पोटासाठी कुठली ना कुठली भाषा शिकली, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण पोटासाठी शिकलेल्या भाषेत माणूस फक्त हुकूम ऐकतो आणि अर्ज लिहितो, की तिच्यात तो विचारूही शकतो, हा फरक उरतोच. दखनीने मराठीतला 'नको' घेतला आणि बिदरच्या बाजारात तो आजही ठणठणीत आहे. मराठीने कन्नडमधले अक्का आणि अण्णा आपल्या घरात घेतले. हे शब्द हुकमाने आले नाहीत. शेजारी शेजाऱ्याशी खरे बोलला, त्याला नकार दिला, त्याला जवळचे म्हणून हाक मारली, तेव्हा ते आले.

सर्वांत अवघड अडचण व्यवहाराची आहे. खरे उत्तर द्यायला मुलाकडे इंग्रजी शब्दच नसतो, आणि एका तासात शिक्षकाने चाळीस खरी उत्तरे कधी घडवायची? तासाची अडचण मी नाकारत नाही. एका दिवशी चारच मुलांना विचारा, पण विचारा. शब्दाची अडचण मात्र जेवढी सांगतात तेवढी मोठी नाही. सकाळी भाकरी खाल्ली असेल तर इंग्रजी वाक्यात भाकरीच राहू द्यावी, ब्रेड-बटर करू नये. तुरीला तूरच म्हणू द्यावे. कलबुर्गीच्या तुरीच्या पट्ट्यातल्या मुलाने तिचे इंग्रजी नाव पुढे शिकावे, पण आज वाक्याचा सांधा इंग्रजीचा आणि त्यातली वस्तू त्याच्या घरची, एवढे पुरे. व्याकरणाची चूक शिक्षकाने नंतर दुरुस्त करावी, आधी उत्तराला उत्तर द्यावे. 'माझे वडील हैदराबादेत आहेत' असे मोडक्या इंग्रजीत कुणी म्हणाले, तर क्रियापद सुधारण्याआधी इंग्रजीतच विचारावे: ते केव्हा येणार आहेत? त्याचे उत्तर पुस्तकात नाही आणि शिक्षकालाही माहीत नाही. ते फक्त त्या मुलाला ठाऊक आहे.