एकाच खोऱ्यातले दोन देशमुख

उत्रोळी भोरला लागूनच, कारी आंबवड्याच्या अंगाला. दोन्ही गावं रोहिडखोऱ्यातली. १६५९ साली कारीला कान्होजी जेधे होते आणि उत्रोळीला खंडोजी खोपडे. खंडोजींचं दुखणं शेजारचं होतं: देशमुखीचा मान जेध्यांना, मग मला का नाही?

अफझलखान वाईला उतरला, तसे खंडोजी त्याला जाऊन मिळाले. शिवाजीराजांना धरून हवाली करतो, बदल्यात देशमुखी मिळावी, असं त्यांनी लिहून दिलं. खानाच्या हाती सापडलेला राजा जिवंत परतणार नाही, हे मावळात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधला कॅशस असाच जळतो. बरोबरीचा माणूस उंच झाला, हे त्याला सोसत नाही. पुण्यात ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हाही मारेकरी गारद्यांच्या मागे गादीवर डोळा ठेवून बसलेला सख्खा चुलताच होता. वैरी दूरचा असेल, तर माणूस सावध तरी असतो.

वतनाचा मोह कान्होजींनाही पडावा, अशीच वेळ होती. खानाला सामील व्हा, नाहीतर खैर नाही, असं आदिलशाही फर्मान त्यांच्याही नावे आलं. पाच मुलांना घेऊन ते राजगड चढले आणि फर्मान राजांपुढे ठेवलं. खानाकडे जा, वतन राखा, असं राजांनीच सुचवलं. कान्होजींनी पाणी मागवलं आणि तिथंच वतनावर सोडलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं इनाम, गावोगावचे हक्क, पानसुपारीचा मान, सगळं त्या ओंजळीबरोबर गेलं. त्यांनी बायकामुलं तळेगावला ढमढेऱ्यांकडे धाडली आणि स्वतः लढाईला उभे राहिले.

१० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान पडला. खंडोजी जीव मुठीत धरून लपले. वेल्ह्याकडच्या गुंजण मावळातले हैबतराव शिळीमकर त्यांचे जावई. सासऱ्याचा जीव वाचवा म्हणून त्यांनी कान्होजींना गळ घातली, आणि कान्होजींनी राजांपाशी रदबदली केली. ज्यांच्या मानावर खंडोजींचा डोळा होता, तेच त्यांच्यासाठी हात जोडून उभे राहिले. मला या साऱ्या हकिगतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

राजांनी कान्होजींचा शब्द राखला, खंडोजींचा जीव घेतला नाही. पण त्यांचा उजवा हात आणि डावा पाय कलम केला. कान्होजींना ते लागलं. जीवदान तुमच्या शब्दाखातर, शिक्षा फितुरीची, अशी राजांनी त्यांची समजूत काढली.

पुढल्याच वर्षी घोडखिंडीत मावळातल्याच बांदल घराण्याची माणसं राजांसाठी कापली गेली. जेधे-बांदलांचं जुनं वैर सगळ्या मावळाला ठाऊक होतं. दरबारातलं मानाचं पहिलं पान तोवर जेध्यांचं होतं. राजांनी ते बांदलांसाठी मागितलं, आणि जेध्यांनी ते दिलं.