फुकट कापलेले केस

"मी काय भिकारीन शे का भाऊ? पैसा ले."

अमळनेर तालुक्यातल्या एका मावशीने हे मला माझ्याच सलूनमध्ये सुनावलं. तिचं डोकं मी नुकतंच मशीनने साफ केलं होतं. केमोचा दुसरा डोस झालेला. उशीवर, ताटात, पदरावर केसच केस, म्हणून एकदाचे काढून टाकायला आली होती. मी हात जोडून म्हटलं, मावशी, तुमच्याकडून पैसे नाही घेणार, मीही यातून गेलोय. आता तिचे डोळे भरून येतील असं मला वाटलं. खरं सांगतो, तोवर बहुतेकांचे येत, आणि मला ते आवडायला लागलं होतं. हिने कमरेची पिशवी सोडली, शंभराची नोट काउंटरवर ठेवली आणि वरचं वाक्य ऐकवलं.

तिला माझ्यात काय दिसलं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

आमचा धंदा पिढीजात. आजोबा धुळे जिल्ह्यातल्या एका गावात बलुतेदार. वडिलांनी धुळ्यात एका खुर्चीचं दुकान टाकलं. मी मात्र न्हावी व्हायचं नाही, 'हेअर आर्टिस्ट' व्हायचं असं ठरवून पुण्याला शिकायला गेलो आणि येऊन जळगावात सलून काढलं. नवरीचे अंबाडे, रंग, फेड, स्पर्धा, फोटो. केस हे माझ्यासाठी माध्यम होतं. चित्रकाराला कॅनव्हास असतो तसं. कॅनव्हासला डोकं असतं, हे तेव्हा फारसं लक्षात येत नसे.

मग मानेत गाठ आली. हॉजकिन लिम्फोमा. मुंबईला टाटा, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, दर पंधरा दिवसांनी एक असे बारा डोस. केस तिसऱ्या आठवड्यात गळायला लागले. पंधरा वर्षं मी आरशात गिऱ्हाइकाच्या मागे उभा होतो. पहिल्यांदा समोर बसायची वेळ आली आणि आरसा किती वाईट जागी लावलेला असतो ते कळलं. डोळे मिटल्याशिवाय सुटका नाही.

बरा झालो तेव्हा डोक्यात एकच शब्द होता, परतफेड. वाचलोय, तर देणं लागतो. कोणाचं? डॉक्टरांचं बिल भागवलेलं. देवाचं म्हणावं, तर शेजारच्या खाटेवरचा विशीतला मुलगा वाचला नाही, त्याच्या आईने देवाला काय कमी दिलं होतं? तरी कर्ज असल्यासारखं वाटायचं, आणि सावकार सापडत नव्हता. मग मीच एक ठरवून टाकला. सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी केमोच्या पेशंटचे केस फुकट काढायचे.

काम चांगलं होतं, यात मला आजही शंका नाही. त्यात थोडं ज्ञान लागतं. उपचारात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, म्हणून वस्तरा लावायचा नाही. बारीक काप गेला तरी रक्त थांबत नाही, जंतुसंसर्ग होतो. मशीन वापरायचं, तेही स्वच्छ करून. आणि एकदम शून्यावर न्यायचं नाही. आधी खांद्यापर्यंत, मग बारीक, मग उरलेलं, म्हणजे माणसाला तीन वेळा थांबवायची संधी मिळते. विगच्या भानगडीत मी फारसा पडलो नाही. मे महिन्यात जळगावच्या उन्हात विग घालून बसून बघा. उलट इथे उन्हाळ्यात स्कूटीवरची प्रत्येक मुलगी डोकं आणि तोंड स्कार्फने बांधून फिरते, त्यामुळे ते चार महिने कोणाला काही कळतच नाही. आमच्या उन्हाचा एवढा एक फायदा.

वाईट गोष्ट वेगळी होती. मी त्याचे रील टाकायचो. मागे संथ संगीत, समोर गळणारे केस, शेवटी मिठी. एका संस्थेने शाल-श्रीफळ दिलं. स्थानिक पेपरात फोटो आला. आणि एके दिवशी एका बाईंचा नवरा दुकानात आला. रील नात्यात फिरलं होतं. मुलीचं स्थळ जवळपास ठरत आलेलं, ते लोक आता गप्प झाले होते. आईला कॅन्सर म्हणजे मुलीलाही होईल, असा त्यांचा हिशेब. तो माणूस भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, मी विचारलं होतं, ताई हो म्हणाल्या होत्या.

विचारलं होतं हे खरंच. पण कसं? अर्धं डोकं झालेलं, माझ्या हातात मशीन, काम फुकट, आणि मी हसून विचारतोय, "व्हिडिओ टाकला तर चालेल ना?" त्या खुर्चीतून 'नाही' कोण म्हणेल? रील काढून टाकलं. स्थळाचं काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसांत मला आमच्याच धंद्याचा इतिहास वेगळा दिसायला लागला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. मी त्या बाईंचा विचार करत होतो. नवरा गेलेला, घरातले जमलेले, आणि समोर वस्तरा घेऊन बसलेला माणूस. तिला कोणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तरी तिच्या हो म्हणण्याला काय किंमत होती? तिला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून ज्यांना म्हणता येत होतं ते तिच्या वतीने नाही म्हणाले, स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून. त्यांनी त्या दिवशी कोणाचे केस कापले नाहीत, आणि माझ्या मते आमच्या धंद्याच्या हातून घडलेलं ते सगळ्यात मोठं देणं आहे. माझ्या शाल-श्रीफळाशी मी त्याची तुलना करत नाही. करायची वेळ आली तर मला लाज वाटेल.

आजारपणानंतर माणूस चांगला होतो, ही समजूतही मला आता पटत नाही. आमच्या धंद्यातलं जगातलं सगळ्यात मोठं नाव व्हिडाल ससून. लंडनचा, लहानपणीची काही वर्षं अनाथाश्रमात काढलेला, चौदाव्या वर्षी सलूनमध्ये उमेदवारीला लागलेला. साठच्या दशकात त्याने केसांना भूमितीचे आकार दिले आणि बायकांची तासन्‌तास डोक्यावर रोलर लावून बसण्यातून सुटका केली. त्याला ल्युकेमिया झाल्याचं कळलं २००९ मध्ये, गेला २०१२ मध्ये. पण कटरिना वादळात बेघर झालेल्यांच्या घरांसाठी त्याने केशकर्तनकारांना एकत्र केलं ते त्याच्या आजाराआधी. गोष्ट सांगणाऱ्याला आवडेल असा क्रम तिथे नाही. आजार, मग साक्षात्कार, मग सेवा, हा क्रम रीलला बरा पडतो. मी आजाराने चांगला झालो नव्हतो. मला फक्त एक विषय मिळाला होता.

पुन्हा मावशीच्या नोटेकडे येतो. ती नोट बघून मला माझंच डोकं आठवलं.

केस गळायला लागले तेव्हा मी आईला सांगितलं होतं की कोणाकडे जाणार नाही, घरीच स्वतः काढीन. दुसऱ्या दिवशी वडील धुळ्याहून एसटीने आले. सत्तरीचे, दुकान बंद करून पाच वर्षं झालेली, हात थोडे थरथरायचे. जुनी धोकटी काखेत. वस्तरा नको, असं मी सांगायच्या आत म्हणाले, "माहीत आहे, मशीन आण." अंगणात पाटावर बसवलं. गावात आयुष्यभर त्यांनी मयताच्या घरी मुलांची डोकी भादरली होती. पोराचं डोकं स्वतः भादरताना त्यांच्या मनात काय आलं असेल, ते मी विचारलं नाही. ते धुळ्यातल्या पाण्याच्या टंचाईबद्दल बोलत राहिले. झाल्यावर टॉवेल झटकला, मानेवरचे केस फुंकून काढले आणि म्हणाले, "पन्नास रुपये झाले."

मला वाटलं चेष्टा. पण ते हात पुढे करून उभे होते. मी आत जाऊन पाकीट आणलं, पन्नासची नोट दिली. त्यांनी ती कपाळाला लावून खिशात ठेवली, भवानीची ठेवतात तशी. त्या सगळ्या सहा महिन्यांत ज्या एका क्षणी मी पेशंट नव्हतो, तो तो. मी गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं. कल्ला वाकडा झाला म्हणून कुरकुर करू शकतं. पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं. वडिलांनी मला हे सगळं पन्नास रुपयांत दिलं, आणि मी मात्र लोकांचं तेच फुकटात काढून घेत होतो.

आता सोमवारी दुकान उघडतो, शटर अर्धं खाली ओढून. दर शंभर रुपये, पाटीवर लिहिलेला. फोन ड्रॉवरमध्ये. आरशावर टॉवेल टाकायचा की नाही ते आधी विचारतो, मशीन हातात घेण्यापूर्वी. ज्यांच्याकडे खरंच पैसे नसतात त्यांचं काय करायचं, हा प्रश्न काही सुटलेला नाही. कोणी म्हणतं नंतर देईन, मी वहीत लिहितो. एका म्हाताऱ्या बाबांनी उधारीपोटी केळीचा घड आणून ठेवला. आजोबांचं बलुतं आठवलं, पण बलुत्याचं मी कौतुक करत नाही. त्यात आजोबांनाही नाही म्हणता येत नव्हतं. वहीतली काही नावं पुन्हा आलीच नाहीत. ती मी खोडलेली नाहीत.

अमळनेरच्या मावशी आठ महिन्यांनी परत आल्या. केमोनंतर बऱ्याच जणांचे केस वेगळे उगवतात, सरळ असतील तर कुरळे. त्यांचे तसेच झाले होते, दोन-तीन इंचांचे, बारीक कुरळे, अर्धे पांढरे. खुर्चीत बसल्या, आरशात दोन्ही बाजूंनी वळून बघितलं आणि म्हणाल्या की हे मेंढीसारखं दिसतंय, सरळ करून दे. मी म्हटलं, मावशी, एवढ्यात केमिकल नको, सहा महिने थांबा, आता नुसता आकार देतो. किती घेशील? दोनशे.

"दोनशे?" मावशी खुर्चीतून उठल्याच. "धुळ्याला दीडशेत करतात."

दीडशेत केला.