गणित सोडण्याआधी

शिरूर

चि. गौरीस,


काल दादाचा फोन आला. तू विज्ञान शाखेला जाणार हे ऐकून आनंद झाला. पण गणित सोडून पीसीबीसोबत, म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रासोबत, बायफोकलचा व्यवसाय विषय घ्यायचं तुझ्या मनात आहे, हेही त्याने सांगितलं. बायफोकलला मार्क पडतात असं वरच्या वर्गातल्या मुली म्हणाल्या म्हणे. फोनवर असल्या गोष्टी नीट बोलून होत नाहीत, म्हणून लिहिते.

त्या मुलींचं म्हणणं खोटं नाही. गणित आणि दुसरी भाषा या दोन्हींच्या जागी २०० मार्कांचा एकच विषय येतो, त्यात प्रात्यक्षिकाचे मार्क भरपूर, आणि टक्केवारी वर जाते. बायफोकलमधला क्रॉप सायन्ससारखा विषय मला कमी दर्जाचाही वाटत नाही. आपल्या भागात शेती करणाऱ्या घरातला मुलगा तो मन लावून शिकला तर त्याचा उपयोग होतो. पण तू तो आवडीने घेत नाहीस, गणित टाळण्यासाठी घेते आहेस. म्हणून ती वाढलेली टक्केवारी पुढे कोण विचारतं, ते आधी बघ. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीवर किंवा जेईईवर होतो, एमबीबीएसचा नीटवर. बारावीचे मार्क तिथे बहुतेक पात्रतेपुरतेच बघतात. काही कॉलेजांत बी.एस्सी.ला बारावीचे मार्क धरतात, हे खरं. पण तेवढ्यासाठी केवढं सोडावं लागतं, त्याचा हिशेब कर.

विषय कोणते घेतले यालाही किंमत असते. अमेरिकेतली नावाजलेली विद्यापीठं अर्जासोबत शाळेकडून माहिती मागवतात: तुमच्याकडे कोणते अवघड विषय शिकवतात आणि या मुलाने त्यातले किती घेतले? सोपे विषय घेऊन मिळवलेल्या मार्कांना तिथे तेवढा मान मिळत नाही. आणि शाळेत जे शिकवतच नाहीत, ते घेतलं नाही म्हणून मुलाला सहसा दोषही देत नाहीत. आपल्याकडे असं कुणी विचारत नाही, म्हणून आपल्या मुलांचा समज होतो की विषय कोणताही घ्या, मार्क मिळवा. विषयाची किंमत आपल्याकडेही आहे. ती पात्रतेच्या नियमांत आणि प्रश्नपत्रिकेत दडलेली असते, आणि मुलांना दोन वर्षांनी कळते.

तुझंच घे. तुला जीवशास्त्र आवडतं, पण डॉक्टर व्हायचं नाही, असं तू उन्हाळ्यात म्हणालीस. मग तुझ्यासारखीसाठी पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे, २००६ पासून. गणिताशिवायही तिथे अर्ज करता येतो, नियमात बसतं. पण प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात: जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित, प्रत्येकी १५. प्रत्येक प्रश्नाला ४ मार्क, म्हणजे २४० पैकी ६० मार्क गणिताचे, आणि चुकलं की १ मार्क वजा. अकरावीत गणित सोडलेली मुलगी चौथा हिस्सा गमावूनच पेपरला बसते. उलट गणित घेऊन जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांचं तेवढंच नुकसान होतं. म्हणून माझं मत पीसीएमबीचं आहे, चारही विषय ठेव.

गणित असलं तर आणखीही वाटा खुल्या राहतात. खडकवासल्याची एनडीए तुला सुचली नसेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना तिथली दारं उघडली, आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तिथल्या ९०० मार्कांच्या लेखी परीक्षेत ३०० गणिताचे असतात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तरी सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. यातलं काहीच तुला करायचं नसेल, हे मला मान्य आहे. पण सोळाव्या वर्षी ते कायमचं ठरवून टाकू नकोस.

आता तुझी भीती. तू पूर्ण मराठी माध्यमातली, आणि अकरावी सायन्स सगळं इंग्रजीतून. पहिले दोन-तीन महिने वर्गात काही कळत नाही, पहिल्या चाचणीत मार्क निम्म्यावर येतात आणि मुलं दोष गणिताला देतात. मी ज्युनिअर कॉलेजात गणितच शिकवलं, म्हणून खात्रीने सांगते की चारही विषयांत इंग्रजी सगळ्यात कमी लागतं ते गणितात. शब्दांचा डोंगर असतो जीवशास्त्रात, आणि तो चढायची तर तुझी तयारी आहेच. दिवाळीपर्यंत धीर धर. आणि अकरावी हे विश्रांतीचं वर्ष मानणाऱ्यांचं ऐकू नकोस. सीईटीत २० टक्के भाग अकरावीचा असतो, आणि जेईई व नीटला तर अकरावीचा अभ्यासक्रमही तेवढाच लागतो.

दादाने आणखी एक सांगितलं, ते मला अजिबात आवडलं नाही. कुणी क्लासवाले म्हणतात, नाव तालुक्यातल्या कॉलेजात राहू द्या, मुलगी पुण्याला होस्टेलवर ठेवा, हजेरीचं आम्ही बघतो. हा प्रकार थांबावा म्हणून सरकारने २०१८ मध्ये पुण्यासह काही भागांत सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती, तरी तो चालूच आहे. यात पहिली जाते ती प्रयोगशाळा. भौतिकशास्त्राचे ३० मार्क प्रात्यक्षिकाचे असतात, पण मला मार्कांची काळजी नाही. व्हर्नियर हातात न धरता, टायट्रेशनला रंग बदलण्याचा तो एक थेंब स्वतः न सोडता, नुसती जर्नल उतरवून पास झालेली मुलगी पुढे आयसरच्या लॅबमध्ये उभी राहिली तर तिथे तिचा पहिला दिवस कसा जाईल? विषय अवघड घ्यायचा आणि तो शिकायचा मात्र नाही, यात कसली हुशारी? क्लास लावायचा तर तुमच्या दौंडमध्येच लाव, कॉलेज सांभाळून.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी दादाला घेऊन दोन-तीन कॉलेजांत स्वतः जाऊन ये. गणिताला पूर्णवेळ शिक्षक आहे की तासिकेवर कुणी येतं, ते विचार. पीसीएमबी घेतलं तर गणित आणि जीवशास्त्राचे तास एकमेकांवर येत नाहीत ना, तेही विचार. लहान कॉलेजांत हा घोळ होतो. आणि बारावीच्या एखाद्या मुलीला गाठून, वर्षभरात प्रयोग किती केले ते तिच्याकडून काढून घे, ऑफिसातून नाही. जिथली उत्तरं पटतील तेच कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाक, कारण पहिली पसंती मिळाली की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या हातच्या जातात. तुझं ठरलं की कळव. जुलैत न्हावरे-चौफुला मार्गे मी येतेच आहे. त्रिकोणमितीचा धडा तोवर वाचून ठेव, आपण दोघी मिळून सोडवू.

तुझी,
मोठी आत्या