टाळ्या कोणासाठी?

दशलक्षण पर्वात आमच्याकडे तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. हिंसेची व्याख्या त्यातच येते. प्रमादामुळे, म्हणजे बेसावधपणामुळे, कुणाच्या प्राणांना इजा पोचते ती हिंसा. लहानपणापासून ऐकते आहे. पाणी न गाळणं, वाटेकडे न पाहता पाऊल टाकणं, एवढाच बेसावधपणा मला ठाऊक होता. यंदा त्या सूत्राशी अडले, कारण डोळ्यांसमोर धारचा भाचा उभा राहिला.

सतरा वर्षांचा पोरगा. मॅचसाठी देवासला आला होता, म्हणून डबा घेऊन मी मैदानावर गेले. हॉकीचा चेंडू दीडशे ग्रॅमहून जड आणि दगडासारखा कडक. तो त्याच्या कानशिलावर बसला. पोरगा खाली बसला, डोकं धरलं, मग उठला. कुणीतरी बर्फ लावला, विचारलं, "खेळशील?" तो म्हणाला, "मी बरा आहे." आणि परत मैदानात गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. शेजारणीला अभिमानानं म्हटलं, "माझा भाचा आहे तो!"

अर्ध्या तासात दुसऱ्या खेळाडूशी टक्कर झाली आणि तो पुन्हा पडला. त्यानंतरचे महिने बहिणीनं खोलीचे पडदे ओढून काढले. उजेड सोसेना, पुस्तकाचं पान वाचवेना, आवाजानं चिडायचा. डोक्याचा फोटो मात्र स्वच्छ. म्हणून घरातलेच काही म्हणाले, परीक्षेचं ढोंग असेल.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. याला कन्कशन म्हणतात. डोक्याला धक्का बसला की कवटीच्या आत मेंदू हादरतो. हाड मोडत नाही, रक्त दिसत नाही, बेशुद्धी यायलाच हवी असंही नाही आणि फोटोत बहुधा काही सापडत नाही. पण हादरलेला मेंदू सावरण्याआधी दुसरा धक्का बसला तर क्वचित जिवावरही बेततं. म्हणून जगभर आता नियम आहे की नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. एकदोन दिवस विश्रांती, मग हळूहळू, पायरी पायरीनं हालचाल. भाच्याचा त्रास मात्र लांबत गेला. शेवटी डॉक्टर म्हणाले, हॉकी आता नको.

आमच्या धर्मात पाप तीन वाटांनी लागतं: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि अनुमोदन दिलेलं. चेंडू मी मारला नाही, त्याला आत मी पाठवलं नाही. पण टाळी माझी होती. "मी बरा आहे" हे त्या पोराचं उत्तर आम्ही प्रमाण मानलं. ज्या मेंदूला मार बसला, त्यालाच विचारलं की तुला लागलंय का! आणि हजार डोळे बघत असताना कुठला सतरा वर्षांचा मुलगा "नाही, मला गरगरतंय" म्हणेल? त्याचं धैर्य खरं होतं. बेसावध होतो आम्ही.

जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी कुठे होती ही थेरं? महूचे शंकर लक्ष्मण हेल्मेटशिवाय गोलात उभे राहिले, 1956 आणि 1964 ला ऑलिंपिकचं सोनं आणलं. खरं आहे, त्यांच्याबद्दल माळव्यात कुणाला अभिमान नाही? पण आपण टिकलेल्यांची नावं लक्षात ठेवतो. डोकं दुखतं म्हणून गपचूप घरी बसलेल्या मुलांची यादी कुणी केली? 1962 च्या मार्चमध्ये बार्बाडोसला भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला, कवटीला तडा गेला. समोरच्या देशाचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे क्रिकेटही खेळले, पण कसोटी पुन्हा कधी नाही. वय होतं अठ्ठावीस. बर्फावरची हॉकी खेळणारा कॅनडाचा ब्रेट लिंड्रोस तर 1996 मध्ये अशाच धक्क्यांमुळे विसाव्या वर्षी थांबला.

भाचा घरी बसल्यावर भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, "बरं झालं, मोह सुटला. आता अभ्यास करील." एकीनं तर "त्यागच समज" असं त्याला तोंडावर सांगितलं. पोरगा भिंतीकडे वळून झोपला. मला ते फार लागलं.

आठवा दिवस उत्तम त्यागाचा. त्याग म्हणजे हातात असलेलं आपण होऊन सोडणं. हिसकावून घेतलेल्याला त्याग म्हणू नये. ज्यानं पहाटे साडेचारला उठून सहा वर्षं स्टिक घासली, त्याची स्टिक गेली तर ती हानीच. तिला वैराग्याचं शेलं पांघरून आपण आपली सुटका करून घेतो, त्याचं दुःख काही कमी होत नाही. त्याला रडू देणं हीसुद्धा अहिंसा आहे.

आमच्या देवासचं उदाहरण द्यायचा मोह मलाही झाला. कुमार गंधर्व चोविशीत क्षयानं आजारी होऊन इथे आले. गाण्याला बंदी झाली, काही वर्षं मुकी गेली. अंथरुणावर पडल्या पडल्या माळवी लोकगीतं कानावर पडत राहिली आणि पुढे उभे राहिले ते नवंच गाणं घेऊन. भानुमतीबाईंनी त्या काळात केलेली शुश्रूषा इथल्या बायका अजून सांगतात. पण भाच्याला मी हे सांगितलं नाही. प्रत्येक आजारी मुलानं कुमार होऊन दाखवावं, हा पुन्हा आपलाच हट्ट. मी उदाहरण घेतलं ते भानुमतीबाईंचं. घाई न करता शेजारी बसायचं.

धारजवळच्या नालछात तेराव्या शतकात पंडित आशाधर राहत. त्यांनी आपल्यासारख्या संसारी माणसांसाठी श्रावकाचाराचा ग्रंथ लिहिला. त्या काळी शाळेच्या मॅचेस नव्हत्या, म्हणून त्यात मैदानावरच्या आयांचं व्रत नाही. ते आपणच घ्यावं. मुलाच्या डोक्याला लागलं तर उठून आत जायचं आणि त्याला बाहेर आणायचं. मॅच हरली तर हरू दे, मुलगा चिडला तर चिडू दे.

क्षमावणीला मी धारला गेले. लहानांची क्षमा मागायची पद्धत आपल्यात आहेच, पण एरवी ती तोंडदेखली होते. यावेळी त्याच्याजवळ बसले आणि सांगितलं, "त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. मला क्षमा कर."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, त्या टाळ्या मला ऐकू येतच नव्हत्या. कानात नुसता आवाज घुमत होता."